मदत हवी आहे: एअर रायफल सरावात सल्ला कोणी आणि कधी द्यावा?

नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही रहिवाशांसाठी १० मीटर एअर रायफलचा सराव ठेवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवल्यापासून मुलामुलींचा उत्साह वाढला आहे.

गेल्या रविवारी नेम धरून उभ्या असलेल्या एका मुलीला मागून एका काकांनी "कोपर जरा आत घे" असे सांगितले, आणि त्यांचे ऐकायला ती वळताच रायफलची नळीही बाकावर बसलेल्या पालकांच्या दिशेने फिरली. छर्रा भरलेला होता, बोट ट्रिगरवर होते. सुदैवाने काही झाले नाही, पण ४.५ मिलिमीटरचा तो छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. काकांनी सांगितले ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होते, म्हणून तर त्यांना थांबवणे मला अधिक अवघड गेले.

रायफल टेबलावर ठेवून, कॉकिंग लिव्हर (छर्रा भरण्यासाठी उघडायचा दांडा) उघडून, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) लावेपर्यंत रेंज ऑफिसरखेरीज (सरावावर देखरेख करणाऱ्याखेरीज) कोणी नेमबाजाशी बोलू नये, मात्र धोका दिसल्यास लहान मुलानेही "स्टॉप" म्हणून ओरडावे, असा नियम मी सुचवणार आहे. तो पुरेसा आहे का? आणि वडीलधाऱ्यांचा मान राखून, चारचौघांत त्यांना न दुखावता, तो कसा सांगावा? ज्यांनी असे सराव घेतले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.