सोलापूरचा सोसायटी ग्रुप, रविवार 19 जुलै : नोटीस बोर्ड कुणाचा

ए-403 : (फॉरवर्ड) आज डॉ. जयंत नारळीकर यांची जयंती. आइनस्टाईनला खोटं पाडणारा मराठी माणूस!! 10 ग्रुपवर पाठवा 🙏

सेक्रेटरी : उद्या पाणी यायचंय. खालची टाकी भरल्याशिवाय कुणी मोटर लावू नये. आणि फॉरवर्ड कमी करा की बे, सकाळी सकाळी काय करलालाव

बी-304 गुरुजी : जयंती आजच, 19 जुलै 1938, कोल्हापूरचा जन्म. तेवढं बरोबर आहे. पण खोटं कुणी कुणाला पाडलं नाही बाळा. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल आणि नारळीकरांनी 1964 ला गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला तो आइनस्टाईनच्याच वाटेनं पुढं जायचा प्रयत्न होता, म्हणजे कसं की हा इथला दगड, त्याचं वस्तुमान हे त्याचं एकट्याचं नाही, विश्वात लांब लांब जे काय पसरलंय त्या सगळ्याचा त्यात वाटा आहे, अशी ती कल्पना. तेव्हा वय पंचवीस-सव्वीस. पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

ए-403 : मग बिग बँग पण त्यांचंच ना गुरुजी?

बी-304 गुरुजी : अरे उलट! बिग बँगला त्यांचा जन्मभर विरोध. 1965 ला सगळीकडून येणारं ते मंद मायक्रोवेव्ह प्रारण, बिग बँगची उरलेली ऊब म्हणतात ते, सापडलं, बहुतेक जग बिग बँगकडं गेलं, हे मात्र 1993 ला परत हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिजबरोबर स्थिर विश्वाचीच, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं म्हणणारी, सुधारलेली मांडणी घेऊन उभे. मला विचाराल तर ती बाजू पडलेलीच होती. पण माणूस हटायला तयार नाही, आणि भांडायचं ते गणितानं.

बी-102 आज्जी : फार शांत बोलायचे. टीव्हीवर बघितलेलं. गेल्या वर्षी मे महिन्यात गेले ना

सी-202 वैनी : हो आज्जी, 20 मे 2025 ला. मला त्या दिवशी लई वाईट वाटलं, कारण माझं एक पोस्टकार्ड राहिलंय. सांगू का? हसायचं नाही.

ए-403 : सांगा की वैनी

सी-202 वैनी : मी आठवीत. आम्ही तेव्हा पूर्व भागात राहायचो, खाली दिवसभर माग चालायचे, त्या खडखडाटात अभ्यास. बाईंनी वर्गात सांगितलं की नारळीकर मुलांना नुसती सही देत नाहीत, म्हणतात पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देतो आणि त्याच्या खाली सही. झालं, मी 15 पैशाचं कार्ड आणलं, चांगल्या अक्षरात प्रश्न लिहिला, की सूर्य मावळतीला चालला की आपण त्याच्या मागं मागं पळत राहिलो तर संध्याकाळ होणारच नाही का? दादानं वाचलं आणि गल्लीभर सांगत सुटला की हिला सूर्याच्या मागं पळायचंय. मग लाजून टाकलंच नाही ते. अजून ट्रंकेत आहे, चादरींच्या खाली.

बी-304 गुरुजी : अहो वैनी!! हा प्रश्न त्यांना भयंकर आवडला असता. त्यांनी स्वतः विमानातून मावळलेला सूर्य पश्चिमेकडूनच परत वर येताना बघितलाय, त्यावर लिहिलंय पण. बाकीचे प्रवासी झोपा काढत असतील.

ए-403 : पश्चिमेला सूर्य उगवला?? गुरुजी हे पण फॉरवर्ड वाटतंय 😂

बी-304 गुरुजी : फॉरवर्ड नाही, हिशेब आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किमी, 24 तासात एक फेरी, म्हणजे तिथला माणूस बसल्या जागी ताशी जवळजवळ 1,670 किमीनं पूर्वेला फिरतोय. उत्तरेला जाल तसा घेर लहान. 60 अंश अक्षांशावर निम्मा, म्हणजे वेग 835. जेट विमान साधारण 900 नं जातं. तेवढ्या उत्तरेवरून पश्चिमेला निघालं की ते पृथ्वीला मागं टाकतं, म्हणून मावळलेला सूर्य पश्चिमेलाच परत वर दिसतो.

सी-101 : गुरुजी एक विचारू, नारळीकरांचं हे सगळं केंब्रिज मुंबई पुणे चालू असताना घर कोण बघत होतं? त्यांच्या बायकोबद्दल, मंगलाताईंबद्दल, कुणीच बोलत नाही. त्या स्वतः गणितातल्या, एमएला विद्यापीठात पहिल्या. 1966 ला लग्न, केंब्रिजचा संसार, 1972 ला इकडं परत, तीन मुली, सासू-सासरे, आणि पीएचडी कधी तर 1981 ला. मी बँकेची परीक्षा पोरगा झोपल्यावर देऊन पास झाले म्हणून मला ते साल पाठ आहे.

सी-202 वैनी : अगं त्याच ना, दुसरीच्या पुस्तकातलं सत्तावन्नऐवजी पन्नास सात?

सी-101 : त्याच. 2019 ला केवढी टिंगल केली लोकांनी. सत्तावन्न म्हणताना सात आधी आणि लिहिताना पाच आधी, पोरं गोंधळतात, एवढंच म्हणणं होतं त्यांच्या समितीचं. माझा मुलगा अजून 75 ला सत्तावन्न म्हणतोय.

बी-102 आज्जी : त्या पण गेल्या ना

सी-101 : 17 जुलै 2023. नारळीकरांच्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी.

बी-304 गुरुजी : बरोबर बोललात मॅडम, मी पण विसरलोच असतो. आता घराचा विषय निघालाच आहे तर ऐका. नारळीकरांचे वडील बनारसला गणिताचे प्रोफेसर. घरात भिंतीवर खडूनं लिहायचे फळे. मोरूमामा शिकायला येऊन राहिले, ते फळ्यावर एक कोडं लिहून ठेवायचे, जयंतसाठी आव्हान म्हणून. सुटेपर्यंत किंवा हा हार मानेपर्यंत पुसायचं नाही. जाता येता नजर पडणारच. मला वाटतं केंब्रिज नंतर, खरी शाळा तो फळा. आपल्या पार्किंगमधला नोटीस बोर्ड अर्धा द्या मला.

सेक्रेटरी : बोर्डवर मेंटेनन्स थकबाकीची यादी आहे गुरुजी

ए-403 : ती काढा मग, त्यात माझं नाव आहे 😂

सेक्रेटरी : भरा की मग!! गुरुजी खालचा अर्धा घ्या. यादी वरच राहणार.

बी-304 गुरुजी : चालतंय. पहिला प्रश्न वैनींचा. सोलापूर 17.7 अंशावर आहे. इथून सूर्याबरोबर पळायचं तर ताशी किती किमी? मोबाईलवर शोधायचं नाही. मुदत रविवारपर्यंत.

सी-202 वैनी : गुरुजी डोळ्यात पाणी आलं बघा

(दुपारी)

सी-101 : मी पोराच्या वतीनं टाकतेय. त्यानं कंपासनं गोल काढला, कोनमापकानं साडेसतराच्या जरा वर खूण केली, तिथून आडवी रेघ मारून पट्टीनं मोजली. म्हणतोय 1,600 च्या आसपास. आणि विचारतोय की होटगी रोडवरचं विमान तेवढं पळतं का?

बी-304 गुरुजी : शाब्बास! 1,590. आणि नाही पळत, म्हणून सोलापुरात संध्याकाळ होते. त्याला सांगा 2 ऑगस्टच्या आसपास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, दुपारी 12:32 ला, ढग नसले तर गच्चीवर स्टीलचा पेला उभा ठेवू, सावली गायब होते का बघू. रविवारच आहे.

ए-403 : गच्चीची चावी?

सेक्रेटरी : माझ्याकडं आहे. तारेवर कुणाच्या चादरी आहेत त्या आधी काढा.

सी-202 वैनी : माझ्याच आहेत. ट्रंक रिकामी केली ना.