मदत हवी आहे : पावसाळ्यात सोलर मंदावल्यावर व्हाळावरचं (ओढ्यावरचं), पाण्याच्या जोराने वीज करणारं छोटं टर्बाइन घर चालवेल का? (सत्तरी, गोवा)

नमस्कार मंडळी,

सत्तरीत वाळपईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचं कुळागर (पोफळीची बाग) आहे. तिथलं चिऱ्यांचं कौलारू घर दुरुस्त करून दिवाळीनंतर कायमचं राहायला जायचं ठरलंय. विजेचा शेवटचा खांब घरापासून बराच लांब आहे आणि मधली वाट दाट झाडीतली. लाइन ओढायची तर झाडं पाडावी लागतील, आणि ती पाडायची नाहीत यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. म्हणून वीज घरचीच करायची.

गरज फार नाही. तीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे पंखे (30 वॅटचे), सहा एलईडी दिवे, 190 लिटरचा फ्रिज, लॅपटॉप, राउटर. हे सगळं मिळून दिवसाला अडीच युनिटच्या आसपास जातं. विहिरीवरचा एक एचपीचा पंप अर्धा तास चालवला की आणखी अर्धा युनिट. म्हणजे तीन युनिट धरा. गिझर, इस्त्री, इंडक्शन काही नाही. स्वयंपाक सिलिंडरवर आणि चुलीवर. गोबरगॅस खूप मनात होता, पण एक घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो शेण लागतं आणि आमच्याकडे गाय एकच आहे.

ऑक्टोबर ते मे मला काळजी नाही. 2 किलोवॅटची पॅनेलं उन्हाच्या दिवशी आरामात आठ युनिट देतील. सोबत 48 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेणार आहोत, म्हणजे जवळपास पाच युनिटची साठवण. प्रश्न जून ते सप्टेंबरचा. आमच्याकडे जुलैत ढग डोंगरावर बसले की दिवसचे दिवस हलत नाहीत. अशा दिवसांत पॅनेलं आठाची दीडवर येतील असं धरलं, तर दोन-तीन दिवसांत बॅटरी तळाला. पॅनेलं दुप्पट करा असा सल्ला मिळाला, पण दीडचं तीन होतं तेही जेमतेम, आणि उरलेले आठ महिने निम्म्याहून जास्त वीज वाया.

पण त्याच दिवसांत घराच्या वरच्या अंगाने आमच्या जमिनीतून व्हाळ धो धो वाहत असतो! पोफळींना पाणी द्यायला पूर्वजांनी काढलेला पाट अजून शाबूत आहे. गेल्या पावसात त्याच्या तोंडाशी 20 लिटरची बादली लावली, चार सेकंदांत भरते. म्हणजे सेकंदाला 5 लिटर. गवंड्याच्या लेव्हल नळीने उभा उतार मोजला तो 12 मीटर. पाइप टाकावा लागेल सुमारे 120 मीटर. कागदावर हे 588 वॅट होतात. निम्मे हाती लागले तरी 290 वॅट, आणि ते रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला सात युनिट. ऊन नसतं तेव्हा पाणी आहे आणि पाणी आटतं तेव्हा ऊन आहे, मग हे दोन्ही जोडायला नकोत का?

कर्नाटकात मलनाडच्या बाजूला अशी टर्बाइनं पुष्कळ घरांत आहेत. विचारायचं ते हे : कोणी स्वतः बसवलंय का? 63 मिमीचा पाइप आमच्याकडे पडून आहे, तो चालेल का? आणि बॅटरी भरल्यावर त्या विजेचं काय करायचं?

(पीएम सूर्यघरचं अनुदान लाइनला जोडलेल्या सोलरला मिळतं, त्यामुळे ते हिशेबात नाही.)

प्रतिसाद

ताई, मी खानापूरकडचा. आमच्या शेतघरात टर्बाइन आहे, म्हणून अनुभवाने सांगतो, नक्की बसवा. तुमचं मोजमाप चांगलं आहे.

63 चा पाइप मात्र या कामाला नको. 5 लिटर पाणी त्यातून नेलं तर 12 मीटरपैकी जवळपास सात मीटर घर्षणातच जातील. 90 मिमीचा घ्या, एखाद मीटरच जाईल. सगळ्यात जास्त पैसे पाइपातच घाला, टर्बाइन त्यानंतर.

वीज उरली तर टर्बाइन मोकळं सोडायचं नसतं. भार (वीज खेचणारी उपकरणं) सुटला की ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग, जनरेटर दोन्ही जातात. कंट्रोलर असा घ्या की बॅटरी भरल्यावर वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवेल. आमच्याकडे पावसाळाभर आंघोळीचं पाणी त्यावरच तापतं. तुम्ही गिझर यादीतून काढलाय, तो असा परत येईल.

पाटाच्या तोंडाशी जाळी हवीच, आणि जाळीच्या आधी छोटी टाकी, म्हणजे वाळू खाली बसते. जोराच्या पावसात पोफळीचा पाला रोज काढावा लागतो, ते काम टळत नाही. व्हाळाचं सगळं पाणी वळवू नका, खालच्यांचंही असतं.

आणि एक, विचारलं नाहीत तरी : संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला आणि निदान 15 मीटर लांब ठेवा. चिऱ्याची जमीन सच्छिद्र. पावसात भूजल वर आलं की घाण चटकन विहिरीत पोचते.

मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. हीटरचं डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या सगळ्यात खूश. शोषखड्ड्याची जागाही आता बदलतो, सध्याच्या खुणेपासून विहीर जवळ पडते.

एकच अजून : घराखाली हातभर मातीनंतर सलग जांभा आहे. मे आणि ऑक्टोबरात विजा खूप पडतात. अशा जमिनीत अर्थिंग नीट लागतं का? की खड्डा खाली पोफळींच्या ओलाव्यात करून तिथून अर्थिंगची धातूची पट्टी वर घरापर्यंत आणावी? टर्बाइनची केबलही त्याच बाजूने येणार आहे, म्हणून खोदकामाआधी हे ठरवायचंय.