'डकटेल्स'चा पहिला सीझन आणि तुमचा रविवार : अनुभव लिहा

सांगलीकरीण
परवा सांगलीच्या घराची आवराआवर करायला गेले होते. दादा माळ्यावर, मी खाली, वहिनीचं सारखं "हे ठेवायचं का टाकायचं?" चाललेलं. तात्यांच्या (आजोबांच्या) ट्रंकेत धोतरांच्या घडीखाली रुमालाची एक पुरचुंडी निघाली. सोडली तर आत भोकाचा एक पैसा. दादाने माळ्यावरून वाकून बघितलं आणि ओरडला, "अगं, नंबर वन डाइम!" मग आम्ही दोघं तिथेच धुळीत बसून हसत सुटलो. वहिनीला काही कळेना.

तात्या हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीतलं 'डकटेल्स', म्हणजे डिस्नेचं बदकांचं कार्टून, लागलं की आम्ही चार नातवंडं सतरंजीवर आणि तात्या आरामखुर्चीत. सुरुवातीला "बदकांचं काय बघायचं" म्हणून पेपर तोंडासमोर धरायचे. एकदा त्यातला कंजूष करोडपती अंकल स्क्रूज पैसे मोजायला बसला आणि पेपर हळूच खाली आला. "माणूस हिशेबाला पक्का आहे." त्या दिवसापासून तो स्क्रूजशेठ.

स्क्रूजची पैशांची कोठी, मनी बिन, म्हणजे काय ते त्यांनीच समजावलं. "हरिपूरचं पेव. फक्त हळदीच्या जागी नाणी." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. बंद पेवातली हवा जीवघेणी असते. तोंड उघडून ती जाऊ दिल्याशिवाय आत माणूस उतरत नाही. त्यामुळे स्क्रूजशेठ नाण्यांत सूर मारायला निघाला की आमचा दादा टीव्हीकडे बघून ओरडायचा, "शेठ, आधी हवा बघा!"

आणि तो पैसा. मॅजिका चेटकीण स्क्रूजच्या पहिल्या कमाईच्या नाण्यावर (तोच नंबर वन डाइम) टपलेली असते, तो भाग संपल्यावर तात्या काही न बोलता आत गेले आणि हे घेऊन आले. पेढीवर पहिल्या दिवशी पोत्यांवर आकडे घातले त्याचे दोन आणे मिळाले होते. भजी खाल्ली, चहा घेतला, आईला हातावर ठेवले, उरला तो हा. पैसा हातात द्यायचे नाहीत. लांबूनच बघायचा.

तुम्हीही लिहा. पहिल्या सीझनचंच हं. तो रोबोचा पोशाख घालून उडणारा हिशेबनीस नंतर आला. त्याच्यावर तात्यांचा भयंकर राग होता ("हिशेबनिसाला असले कपडे?"), त्याचा वेगळा धागा काढेन.

टिंबटिंब
आठवणींचं पेव फुटणार आता :)
कुकर लावून येते

लुनावाला
लाँचपॅड!!! स्क्रूजचा वैमानिक, म्हणजे आमचा बंडूकाका. लुना घेऊन निघाला की आजी मागून हळदकुंकवाची बोटं लावायची, गाडीला नाही, काकाला. एकदा थेट गोठ्यात, एकदा शेजारच्यांच्या हौदात आणि एकदा उभ्या एसटीला मागून. प्रत्येक वेळी उठून कपडे झटकून "उतरलो की नाही नीट?" विचारायचा. ज्या रविवारी लाँचपॅडने पहिल्यांदा विमान आपटलं त्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी एकदम काकाकडे बघितलं. काका म्हणाला, "पण शिकवलंय चांगलं त्याला."
आता काका सत्तरीला आलाय. मुलाने स्कूटरची चावी लपवून ठेवलीय.

मी_मधला
आम्ही तीन भाऊ, तिघांना एकाच ताग्यातला शर्ट. दिवाळीला बाबा दुकानदाराला सांगायचे "साडेपाच मीटर द्या, तिघांचं भागवायचंय". शाळेत आम्ही ह्यूई ड्यूई लूई, स्क्रूजकडची ती तीन पोरं. लाल निळा हिरवा असं तरी त्यांचं होतं, आमचा तिघांचाही तपकिरी. बाई थोरल्याच्या नावाने मला बोलवायच्या आणि मी जायचो, कारण छड्या खाल्ल्या तर थोरल्याला माझा गृहपाठ करावा लागे असा करार होता.
नीट ऐकलंत तर मूळ इंग्रजीत तिघांचा आवाजही एकीचाच आहे, रुसी टेलर. मिनी माऊसचाही बरीच वर्षं तिचाच होता.

खवट_खोबरं
ते अस्वल विमान चालवायचं तेच ना हे? मालवाहू विमान, टोपी घातलेलं पोरगं ढगांवर घसरत जायचं?

जुना_अँटेना
@खवट, नाही हो. ते अस्वल म्हणजे बालू, ती 'टेलस्पिन'. १९९० ची. 'डकटेल्स' तिच्या आधीची, १९८७ ची. आपल्याकडे दोन्ही हिंदीत दाखवल्या म्हणून डोक्यात खिचडी होते.
रच्याकने (बाय द वे), पहिला सीझन ६५ भागांचा आहे. सप्टेंबर १९८७ ला सुरू आणि जानेवारी १९८८ च्या एक तारखेला संपला. इतके भाग एकदम का, तर अमेरिकेत ही मालिका सोमवार ते शुक्रवार रोज लागायची. पाच गुणिले तेरा आठवडे. आपल्याला रविवारी एक घास मिळायचा म्हणून ती वर्षानुवर्षं पुरली असं वाटतं. 'टेलस्पिन'चेही ६५ च, पण तिला दुसरा सीझनच नाही. 'डकटेल्स' शंभरावर थांबली.
सुरुवातीचे पाच भाग म्हणजे सलग एकच गोष्ट, सोन्याच्या खजिन्याची. आणि पहिल्या सीझनचं बरंचसं चित्रकाम जपानमध्ये, तोक्यो मूव्ही शिन्शाकडे झालंय. त्या काळच्या टीव्हीवरच्या इतर कार्टूनांशेजारी ठेवून बघा, पाणी, सावल्या, धूर. डोळे निवतात.
स्क्रूज मात्र मालिकेच्या कितीतरी आधीचा. कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये कॉमिकसाठी काढला.

खवट_खोबरं
धन्यवाद. म्हणजे पंचवीस वर्षं मी बायकोला चुकीची गोष्ट सांगत होतो. आता तिला सांगणार नाही.

दर्यावर्दीची_लेक
सगळे हसताय म्हणून लिहू की नको असं झालं होतं.
पहिल्याच भागात डोनाल्ड (त्या तीन पोरांचा मामा) नौदलात जातो आणि पोरांना स्क्रूजकडे ठेवून जातो. माझे बाबा नौदलात होते. आईची नोकरी विशाखापट्टणमला, बाबा समुद्रावर आणि मी दुसरी ते पाचवी पुण्यात मामाकडे. मामा वाईट नव्हता अजिबात, पण त्याला मुलं नव्हती आणि मूल घरात आलं की काय करायचं हे त्याला कळत नसे. पेन्सिल मागितली की "मागची संपली का?" विचारायचा. आधीची दाखवल्यावर नवी मिळायची.
डोनाल्ड गणवेशात हात हलवतो तिथे मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. बाहेर आले तर मामाने टीव्ही बंद करून ठेवला होता. काही बोलला नाही. पुढच्या रविवारी वेळेच्या आधी स्वतः लावून बसला आणि मला हाक मारली, "ये गं, तुझा कंजूष मामा आला." स्वतःला म्हणत होता की स्क्रूजला ते आजपर्यंत विचारलं नाही.
पेन्सिल अजूनही जुनी दाखवूनच मिळायची.

सांगलीकरीण
@दर्यावर्दीची_लेक, बरं झालं लिहिलंस. ऑफिसात वाचलं, डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगितलं शेजारणीला.

टिंबटिंब
कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या वाचता वाचता. वरणाचा लगदा. मामाला नमस्कार सांग गं.

पाटीवरचे_पेढे
स्क्रूज नक्की सदाशिव पेठेतला. मनी बिनच्या बाहेर पाटी : "नाणी मोजताना हाका मारू नयेत." दिवे घ्या.

दुपारी_एक_ते_चार
हा विनोद कितव्या प्रतिसादात येतोय एवढंच बघत होते.

बुडापेष्टात_पोहे
इथे बुडापेस्टला नवीन होतो तेव्हाचं. जेवणाच्या सुट्टीत लहानपणच्या टीव्हीचा विषय निघाला. मी म्हटलं, आम्ही बदकं बघायचो. टेबलावर एकदम शांतता. मला वाटलं काही वावगं बोललो. मग एक सहकारीण म्हणाली, "तूही?" आणि हे सांगितलं.
१२ डिसेंबर १९९३, रविवार संध्याकाळ. हंगेरीतली सगळी पोरं टीव्हीसमोर. 'डकटेल्स'चा भाग रंगात आलेला आणि मध्येच चित्र गायब, दुखवट्याचं संगीत. पंतप्रधान योझेफ अंतॉल गेले होते. पोरांना पंतप्रधान वगैरे काय कळणार, बदकं कुठे गेली एवढंच. ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या त्या पोरांना इथे चक्क 'डकटेल्स पिढी' म्हणतात. हंगेरियनमध्ये मालिकेचं नाव 'काचामेशेक'. ती म्हणे, मरण म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते आजोबांमुळे नाही, बदकांमुळे.
मग टेबलावरच्या चौघांनी मिळून शीर्षकगीत म्हटलं. मी हिंदीत, त्या तिघी हंगेरियनमध्ये. चाल एकच असल्यामुळे जमलं. कँटीनवाली बाई अजून मला बदक म्हणते.

मी_मधला
@बुडापेष्टात_पोहे जबरी!! आम्हाला तर मॅच असली तरी बदकं गायब. पंतप्रधान लागायचे नाहीत.

बाहुली_नको
माझी तक्रार. वाड्यात डकटेल्स खेळायचो तेव्हा मी एकटी मुलगी म्हणून कायम वेबी (स्क्रूजच्या घरातली छोटी मुलगी). म्हणजे काय करायचं, तर बाहुली घेऊन "मलाही न्या ना" म्हणायचं आणि मग ओट्यावर बसून राहायचं. पोरं खजिना शोधून परत आली की त्यांना पाणी द्यायचं. मालिकेतही बिचारीची तीच गत होती बऱ्याचदा. एकदा मी म्हटलं, मी मॅजिका होते. पोरं म्हणाली, चालेल. मी त्यांच्या सगळ्या गोट्या घेऊन घरी निघून गेले आणि दार लावून घेतलं. आईने चार वाजता परत करायला लावल्या. सात कमी दिल्या.
२०१७ ची नवी मालिका लेकीबरोबर बघितली. त्यात वेबी दोरावरून उड्या मारते, मारामारी करते, सगळं वाचून पाठ करून ठेवते. लेकीला म्हटलं बघ, तीस वर्षं लागली. ती म्हणे "आई, पॉज करू नकोस."

जुना_अँटेना
नवीन मालिकेत तिन्ही भावांना वेगवेगळे आवाज आणि वेगवेगळे स्वभाव आहेत. @मी_मधला, तुम्हाला उशिरा का होईना न्याय मिळाला.

मी_मधला
शर्ट नाही मिळाला.

खळ्यावरचा
कुणी उडी मारून बघितली की नाही? आम्ही मारली. मंगळवेढ्याकडे आमचं शेत. खळ्यावर ज्वारीची रास, चांगली पुरुषभर. चुलतभाऊ म्हणाला हीच आपली मनी बिन. बैलगाडीवर चढून सूर मारला. स्क्रूजसारखा आत जात नाही हो माणूस, आपटतो. नाकात तोंडात कानात ज्वारी, वर अंगभर कूस. रात्रभर खाजवत बसलो, आणि आजोबांनी रास विस्कटली म्हणून सकाळी पाठ शेकली ती वेगळी. नाण्यांत उडी मारली असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

म्हापशेंकार
आम्ही काजूबियांच्या ढिगात पाय घातला होता. कातडी सोलली. काजूच्या तेलाचा प्रताप. तेव्हापासून श्रीमंतीची हौस गेली.

लुनावाला
@खळ्यावरचा, मंगळवेढ्यात कुठे? माझी आत्या तिकडेच.

खळ्यावरचा
गावातच नाही, दामाजीपंतांच्या देवळापासून पुढे बरंच. आडनाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोरा_कागद
सहावीत रोबोवर निबंध होता. मी डकटेल्समधल्या आर्मस्ट्राँग रोबोचा लिहिला. संशोधक गायरो त्याला बनवतो, तो सगळ्यांची कामं झपाझप करतो, लाँचपॅडचंसुद्धा काम जातं, आणि मग तो उलटतो. बाईंनी शेरा मारला, "कल्पनाविलास छान, वास्तवाशी संबंध नाही." परवा आमच्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं, आमच्या गटातले दोघं दुसरीकडे हलवले. वही शोधतोय.

टिंबटिंब
@कोरा_कागद 😂 सापडली की टाक फोटो
@सांगलीकरीण, पेवं अजून आहेत का गं हरिपूरला? लहानपणी आत्याबरोबर गणपतीला आलेलो तेव्हा बघितल्यासारखी वाटतात.

सांगलीकरीण
२००५ च्या पुरात खूपशी गेली गं. पाणी आत शिरलं, माती खचली. तात्या तेव्हा होते. रिक्षाने गेले बघायला, काठी टेकत एका पेवाच्या तोंडाशी उभे राहिले. आम्हाला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाले, "अमुक शेटच्या हिशेबात यातली अकरा पोती लावायची राहिली होती." झालं. परत रिक्षात.

नाणेवाला_नाही
अवांतर : भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला असतो, साल तिथेच कोरलेलं असतं, बघून सांगा. ढब्बू वेगळा, तो जाड असायचा. आमच्याकडे भोकाचे दोन होते, आजीने मिक्सरच्या मोटारीला वॉशर म्हणून लावले. मिक्सर अजून चालतो.

सांगलीकरीण
१९४४ आहे. आत्ता चष्मा लावून बघितलं.
दादा म्हणतो त्याच्याकडे राहू दे, मी म्हणते माझ्याकडे. सध्या तरी माझ्या डब्यात आहे.

सांगलीकरणीचा_दादा
खास या प्रतिसादासाठी खातं उघडलं. पैसा तात्यांनी मला दाखवला होता आधी. आणि हवा बघायला मीच सांगायचो हे तिने निदान कबूल केलं, आभारी आहे. डबा कुठला, स्टीलचा का डाळीचा?

बाहुली_नको
दार लावून घे गं.