नान्नजच्या माळावर झाडं लावून कार्बन साठेल का?

माळकरी: कॉलनीच्या ग्रुपवर निरोप फिरतोय: रविवारी नान्नजकडच्या माळावर वृक्षारोपण, 'सोलापूरचं ॲमेझॉन करूया'. मी जाणार नाही. ॲमेझॉनच्या जंगलात १०० अब्ज टनांहून जास्त कार्बन आहे, म्हणजे सगळं जग कोळसा-तेल जाळून साधारण १० वर्षांत हवेत सोडतं तेवढा. पण तिथं पाऊस २,००० मिमीच्या पुढं, आपल्याकडं ५५०च्या आसपास, तोही आला तर! माळाचा कार्बन बराचसा जमिनीखाली असतो. गेल्या साली रस्त्याकडेला चर खणलेला, वाकून बघितलं. वर वीतभर वाळकं पवन्या गवत, खाली पार मुरमापर्यंत केसासारख्या मुळ्यांचं जाळं. जेसीबीनं ते उलथलं की साठलेला कार्बन हवेत. आधी तोटा, नफा नंतर.

सातरस्ता४४: म्हणजे झाडं न लावायलाही आता शास्त्र सापडलं! एप्रिलमध्ये दुपारी दोनला पार्क चौकात उभं राहा, मग गवताचं कौतुक सांगा.

माळकरी: सावलीसाठी शहरात लावा की, कोण अडवतंय? कडुनिंब लावा, चिंच लावा. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. तो पक्षी उघड्यावर अंडं घालतो, लांबवर नजर ठेवून चालतो. त्याच्या वाटेत ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करून आपण हिरवळ म्हणायची का?

मास्तर_मोहोळ: हिशोब मी सांगतो. सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बन. टनभर सुकं लाकूड असलेला जुना कडुनिंब म्हणजे अर्धा टन कार्बन, म्हणजेच हवेतून ओढलेला पावणेदोन टनांवर कार्बन डायऑक्साइड. रोपाला तिथवर जायला कित्येक वर्षं लागतात, जगलं तर. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांची मोहीम होती, तेव्हा आम्हीही शाळेमागं ४० रोपं लावली. आज ३ आहेत. त्यातलं एक सुबाभूळ, ते आपसूक आलेलं. चूक आमचीच, मे महिन्यात पाणी कोण घालणार होतं? म्हणून मी म्हणतो, कोयना-चांदोलीचं उभं जंगल राखा. ॲमेझॉनच्या आग्नेय भागात तोड आणि आगी इतक्या झाल्या की तो भाग शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतोय, हे विमानातून हवेचे नमुने घेऊन मोजलंय, २०२१ ला छापून आलंय. तिथं रोपं लावून ते भरून निघत नाही.

सातरस्ता४४: मास्तर, कोयना लांब आहे. माळाचं बोला. माळ नांगरला, प्लॉट पाडले, तर गवतासाठी कोण भांडतं? झाड तोडायला निदान परवानगी तरी लागते. गवत उपटायला कुणाला विचारायचं? झाड लावलं की जागा वाचते, हे माझं गणित.

माळकरी: हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. कागदावर माळ म्हणजे पडीकच. पण जागा वाचवायला माळच मारायचा, हे काही पटत नाही बे.

सातरस्ता४४: मी रविवारी जातोय. खड्डे कुठं पाडलेत त्याचे फोटो टाकतो.

मास्तर_मोहोळ: टाका. आणि मे महिन्याचा टँकर कुणी सांगितलाय, तेवढं विचारून या.