शाळेत ‘सॅमी गोइंग साउथ’ दाखवायचा आहे: पडदा, मध्यंतर, मराठी सबटायटल्स

शाळाबाई, फोंडा
सहावी-सातवीच्या मुलांना अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा १९६३ चा हा चित्रपट दाखवायचा आहे. १९५६ च्या सुवेझ हल्ल्यात आईवडील गेलेला दहा वर्षांचा सॅमी इजिप्तमधल्या पोर्ट सैदहून पळतो आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या जेन आंटीकडे निघतो. पडदा ८ फूट रुंद, सभागृह कौलारू. कुठली आवृत्ती घ्यावी? मराठी सबटायटल्स नीट दिसतील का?

प्रकाशझोत
बाई, १२९ मिनिटांचीच घ्या. अमेरिकेत ‘अ बॉय टेन फीट टॉल’ नावाने निघालेली आवृत्ती दीड तासाच्या आसपास आहे. या चित्रपटाची गंमतच वाटेच्या लांबीत आहे, ती छाटली की पोरगा चार उड्यांत आफ्रिका ओलांडतो असे वाटते.

चित्र सिनेमास्कोप आहे, म्हणजे खूप रुंद आणि उंचीला कमी. तुमच्या पडद्यावर ८ फूट रुंदीला उंची जेमतेम ३ फूट ५ इंच मिळेल, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतील. त्या घालवायला कुणी ‘झूम’ दाबेल, तेव्हा आधीच बजावून ठेवा: रुंदीचा जवळपास चौथा हिस्सा कापला जातो. मोकळ्या रानात एकटा चालणारा सॅमी कडेला असला तर तोच गायब! वरच्या पट्टीवर काळे कापड लावा, चित्र उठून दिसते. पहिली रांग पडद्यापासून १० फुटांवर ठेवा.

अक्षरजुळणी
सबटायटल्सची फाईल यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची एक पद्धत) मध्येच सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे येतात. प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. एका वेळी दोनच ओळी ठेवा, आणि त्या खालच्या काळ्या पट्टीत बसवा.

मोठी अडचण वेगाची. डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमची (चित्रांची) आणि सबटायटल्सची फाईल २४ ची असली तर दर १० मिनिटांना २४ सेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीला सगळे ठीक दिसते, म्हणून तपासणी नेहमी शेवटच्या दृश्यावर करा.

माशेलकर
पावसाळ्यात नको, कौलांवरच्या पावसात संवाद बुडतात. स्पीकर पडद्याशेजारी, बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवा आणि बास (खर्जातला आवाज) कमी करा. मध्यंतर लक्झरच्या पर्यटक बाईंकडून सॅमी निसटतो तिथे घ्या. त्यानंतर एडवर्ड जी. रॉबिन्सनचा कॉकी वेनराइट येतो, हिऱ्यांचा चोरटा व्यापारी, आणि चित्रपटाची चालच बदलते.

एका प्रसंगाची कल्पना मुलांना आधी द्या. शेकोटीत तापलेला दगड फुटतो आणि सॅमीला घेऊन निघालेल्या फेरीवाल्याचे डोळे जातात. लहान मुले तिथे दचकतात. ‘दगड आगीत फुटू शकतो’ एवढे आधी ठाऊक असले की पुरते.

प्रकाशझोत
परवानगीचे राहिलेच. प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसे असली, तर शैक्षणिक उपक्रमातल्या प्रदर्शनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावू नका, गावाला आमंत्रण देऊ नका.