फॅन आर्ट स्पर्धेचा निकाल मूळ चित्रकाराने एकट्याने लावावा का?

रेघारेघी

एका कॉमिकच्या फॅन आर्ट स्पर्धेचा निकाल लागला आणि वाचकांत जुंपली. रात्री मुखवटा घालून फिरणारी नायिका, तिचं चित्र काढून पाठवायचं, एवढीच अट. परीक्षक एकच : पहिल्या अंकापासून तिला काढत आलेला चित्रकार.

पहिलं येणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं चित्र दुसरं आलं. त्यात भर पावसात नायिका उंच इमारतीच्या कठड्यावर उभी आहे. ओल्या केपच्या चुण्यांवर दिव्यांचा उजेड, चिलखताचा खिळा न् खिळा रंगवलेला. पहिलं आलेलं चित्र मात्र नुसत्या काळ्या शाईतलं आहे, बरंच ओबडधोबड. नायिका भिंतीला टेकून जमिनीवर बसली आहे. तिचा एक हात पट्टीत बांधलेला आहे आणि दुसऱ्या हाताचा मोजा ती दातांनी ओढून काढते आहे. परीक्षकाने निकालाखाली दोनच ओळी लिहिल्या. शाईच्या चित्रात आपल्याला ती बाई दिसली आणि रंगीत चित्रात तिचा पोशाख दिसला, असा त्याचा आशय.

माझ्या मते निकाल बरोबर आहे आणि तो लावायला हाच माणूस योग्य होता.

कॉमिक काढणाऱ्याची नजर वेगळी घडलेली असते. पानावर पाच-सहा पॅनेल, म्हणजे चित्रांच्या चौकटी, बसवायचे, आत्ता काय झालं आणि पुढे काय होणार हे प्रत्येकात कळलं पाहिजे, आणि महिन्याला अशी वीस-बावीस पानं हातावेगळी करायची. त्यामुळे काय गाळायचं, हे त्याला आधी ठरवावं लागतं. तो मोजाच बघा. एक हात निकामी, म्हणून दात वापरावे लागतायत. मारामारी झाली, ती घरी पोचली, आणि घरात मोजा काढून द्यायलाही कोणी नाही, हे सगळं त्या एका हालचालीत आलं. डोळे काढलेलेच नाहीत, कपाळाखाली सरळ काळी सावली भरली आहे. खांद्यावरची रेघ जाड आहे आणि मनगटाकडे येता येता बारीक होते, त्यामुळे जोर कुठून लागतोय ते कळतं. पूर्ण आकृती काळ्या रंगाने भरून टाका, तरी ती काय करते आहे ते ओळखू येईल. दुसऱ्या चित्राचं तसं होत नाही.

पाचवा पॅनेल

असहमत. कुठलं चित्र चांगलं हा माझा प्रश्नच नाही. निकष निकालानंतर जाहीर झाला, हा माझा आक्षेप आहे.

अट काय होती? नायिकेचं चित्र काढा. त्या चित्रातून गोष्ट कळली पाहिजे असं कुठे म्हटलं होतं? पावसातलं चित्र काढणाऱ्याने दिलेली अट पाळली आणि तुम्ही त्याला न सांगितलेल्या परीक्षेत मागे टाकलंत. हा निकष आधी सांगितला असता तर त्याने वेगळं काही काढलं नसतं कशावरून?

दुसरं म्हणजे, फॅन आर्टमध्ये वाचकाच्या मनातली नायिका येते. मूळ चित्रकाराला ती परकी वाटणारच. 'माझी नायिका अशी नाही' हे त्याचं मत झालं. परीक्षकाने ते बाजूला ठेवायला हवं, आणि नेमकं तेच त्याला सगळ्यात अवघड जाणार. हा चित्रकार स्वतः आयुष्यभर शाईत काम करत आला आहे आणि जिंकलं शाईचंच चित्र. लोक बोलणारच.

शाईचा डाग

पाचवा पॅनेल, तुमचा शेवटचा मुद्दा स्पर्धेतली बाकीची चित्रं बघितली की टिकत नाही. परीक्षकाच्या हाताची हुबेहूब नक्कल करणारी कितीतरी चित्रं आली होती. तीच हनुवटी, तसंच हॅचिंग (छायेसाठी जवळजवळ ओढलेल्या रेघा), केपचा तोच कोन. त्यातलं एकही बक्षिसात नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. स्वतःच्या शैलीवर प्रेम असलेल्या माणसाने ती आधी उचलली असती. जिंकलेल्या चित्राची रेघ त्याच्या रेघेच्या जवळपासही जात नाही. शाई वापरली इतकंच साम्य.

नक्कल आणि समज यांतला फरक सगळ्यात लवकर ओळखतो तो पानं काढणारा माणूस, कारण तो स्वतः त्या वाटेने गेलेला असतो. अमेरिकन कॉमिक चित्रकार बिल सिंकेविच घ्या. १९८० च्या सुमाराला मून नाइट ही मालिका काढायचा तेव्हा त्याच्यावर नील ॲडम्स या आधीच्या चित्रकाराची छाप इतकी होती की वाचक सरळ नाव घेऊन बोलायचे. १९८४ मध्ये न्यू म्युटंट्स ही मालिका हातात आल्यावर त्याने ते सगळं टाकून दिलं. तुटक रेघा, शाईचे शिंतोडे, पानभर पसरलेलं अस्वल. तेव्हा वाचकांनी आरडाओरडा केला, आणि आज त्याचं नाव निघतं ते त्याच पानांसाठी. त्या वेळी वाचकांची मतं मोजली असती तर ॲडम्ससारखी पानंच जिंकली असती, याबद्दल मला तरी शंका नाही.

हक्काचं बोला

एकटा परीक्षक नको असं माझंही मत आहे, पण कारण वेगळं आहे. ही मालिका अजून चालू आहे. म्हणजे पुढचे अंक जो काढणार त्याच्यासमोर शेकडो वाचकांच्या कल्पना पसरल्या गेल्या. उद्या दातांनी मोजा काढणारी नायिका अंकात आली, तर?

ही भीती हवेतली नाही. स्पायडरमॅनचा काळा पोशाख रँडी शूलर नावाच्या एका वाचकाने सुचवला होता. १९८२ मध्ये मार्व्हल या कॉमिक कंपनीचे तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी ती कल्पना २२० डॉलरला विकत घेतली. शूलरने छातीवर लाल कोळी सुचवला होता, छापताना तो पांढरा झाला. १९८४ मध्ये पोशाख आला आणि त्यातून पुढे व्हेनम हा खलनायक उभा राहिला. व्हेनमवर किती कमाई झाली ते वेगळं सांगायला नको. शूलरला निदान पैसे तरी मिळाले. डीसी या दुसऱ्या कंपनीने १९८० च्या दशकात वाचकांकडून डायल एच फॉर हीरो या मालिकेसाठी नवे नायक मागवले, तेव्हा अंकात नाव आणि एक टी-शर्ट यावर भागवलं. हक्क सगळे कंपनीकडे.

याच्या उलट वागणारा चित्रकारही होऊन गेला. केटी कीन हे फॅशनचं कॉमिक काढणारा बिल वॉगन वाचकांकडून केटीसाठी कपड्यांची डिझाइनं मागवायचा, आणि छापताना त्या त्या पोशाखाशेजारी पाठवणाऱ्याचं नाव द्यायचा. हे १९४० च्या दशकापासून. तिथेही निवडणारा मूळ चित्रकारच होता. पण त्याने काय घेतलं आणि कोणाकडून घेतलं, ते सगळ्यांना दिसत होतं. आपल्या स्पर्धेच्या नियमांत हक्कांबद्दल एक ओळ नाही. त्यावर आधी बोला.

रेघारेघी

हक्काचं बोला, नियमांत ती ओळ हवीच, पूर्ण अनुमोदन. चित्र स्पर्धकाचं, आयोजकांना फक्त निकालासोबत दाखवायची परवानगी, आणि कल्पना वापरायची असेल तर आधी लेखी विचारणा व मोबदला. पण ते आयोजकांचं काम. परीक्षक तीन केले तरी ही चोरी थांबत नाही, उलट कल्पना बघणारे डोळे वाढतात.

कोरा कागद

मी लहान-मोठ्यांना चित्रकला शिकवते. या निकालाने माझ्या वर्गात जे झालं ते सांगते. पावसातल्या चित्रासारखं काम करायची इच्छा असलेली एक मुलगी विचारत होती, "मग शेडिंग शिकून काय उपयोग?" त्या दोन ओळींनी एवढं केलं. "मला पोशाख दिसला" हे वाक्य एखाद्याच्या कामावर जाहीरपणे लिहिताना परीक्षकाने दहादा विचार करायला हवा होता. दोन ओळींत पहिल्याचं कौतुक करता येतं. दुसऱ्याला उडवून लावायचं असेल तर दोन ओळी पुरत नाहीत, तिथे कारणं द्यावी लागतात.

आणि रंगकाम म्हणजे वरचा मुलामा, हे मला मुळातच मान्य नाही. ॲलेक्स रॉसने १९९४ मध्ये मार्व्हलसाठी ग्वॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) रंगवलेली पानं आठवा. आकाशातले नायक खालच्या साध्या माणसांना किती प्रचंड आणि किती परके वाटतात, ते त्याने उजेडातूनच सांगितलं. तिथे उजेड काढून टाका, गोष्टच जाईल.

आता ते दुसरं चित्र पुन्हा उघडा आणि खालचा उजवा कोपरा बघा. सगळ्या इमारती अंधारात आहेत, एकच खिडकी पिवळी आहे. नायिकेचं डोकं किंचित त्याच दिशेला वळलं आहे. मालिका वाचणाऱ्याला ती खिडकी कोणाची हे सांगावं लागणार नाही. जिथे तिला जाता येत नाही, त्या घराकडे ती बघते आहे. मग या चित्रात गोष्ट नाही असं कसं म्हणता? गोष्ट आहे, परीक्षकाने ती बघितली नाही.

शाईचा डाग

ताई, खिडकी मी बघितली होती. चित्र मोठं करून बघितलं तेव्हा दिसली. अडचण तिथेच आहे. त्या चित्रात सगळ्यात झगझगीत जागा कुठली? छातीवरचं चिलखत. नजर तिथे जाते, तिथून केपवर आणि केपवरून पावसाच्या थेंबांवर. खिडकीपर्यंत पोचायला चित्रात वाटच नाही. ती खिडकी हाच चित्राचा जीव असेल तर चिलखताची चकाकी निम्मी करायला हवी होती आणि कठड्याची रेघ खिडकीकडे झुकवायला हवी होती. चित्रकाराला दोन्ही सुचलं, पण चिलखत फिकं करायचा धीर झाला नाही. हे ताशेरे नव्हेत, त्याच्या पुढच्या चित्रासाठी बोलतोय. पण परीक्षकाने हेच चार वाक्यांत लिहायला हवं होतं, यात दुमत नाही.

पाचवा पॅनेल

पुन्हा तेच! नजर कुठून कुठे जावी हा पानाचा हिशेब आहे. पानावर वाचकाला पुढच्या पॅनेलकडे जायचं असतं म्हणून त्याची नजर हाकावी लागते. एकटं चित्र माणूस हवा तितका वेळ बघतो. खिडकी उशिरा सापडली, हा मला त्या चित्राचा गुण वाटतो. स्पर्धा पॅनेलची नव्हती, चित्राची होती. कॉमिकच्या चित्रकाराने सवयीने पॅनेल तपासलं आणि चित्र सोडून दिलं. म्हणूनच म्हणतो, तीन परीक्षक हवेत : मूळ चित्रकार, कॉमिकच्या बाहेरचा एखादा चित्रकार आणि मालिका मनापासून वाचणारा एक वाचक. स्पर्धकांची नावं झाकलेली.

लेयरवाली

नावं झाकायला हवीत, नक्कीच. पण मूळ चित्रकाराला बाजूला काढायच्या आधी एक लक्षात घ्या. फोटोवरून ट्रेस केलेलं चित्र आणि एआयने बनवलेलं चित्र आज पकडणार कोण? लाइक्सवर निकाल लावलात तर ज्याचा गोतावळा मोठा तो जिंकणार आणि ट्रेस केलेलं चित्र बिनबोभाट निघून जाणार. रोज आकृत्या काढणाऱ्याला ते जाणवतं. ट्रेस केलेल्या आकृतीत बाहेरची रेघ बिनचूक असते, पण आतल्या चुण्यांना कारण नसतं, आणि शरीराचं वजन पायांपर्यंत उतरत नाही. एआयच्या चित्रात पट्टा एका बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूला पोचतच नाही.

तरी नुसत्या नजरेवर कोणाला चोर ठरवू नये. नवशिक्याचीही अशीच चूक होते आणि खोटा आरोप झाला तर तो पुन्हा पेन्सिल हातात घेणार नाही. शेवटच्या फेरीतल्यांकडून कच्ची स्केचेस किंवा लेयर (संगणकावरच्या चित्राचे एकावर एक थर) असलेली फाइल मागवा. कागदावर काढलं असेल तर अर्धवट अवस्थेतले फोटो चालतील. हे नियमांत पहिल्याच दिवशी लिहा, म्हणजे लोक स्केचेस जपून ठेवतील.

रेघारेघी

लेयरवाली, हे आयोजकांना जसंच्या तसं पाठवण्यासारखं आहे.

पाचवा पॅनेल, तुमच्या तीन परीक्षकांबद्दल. दहापैकी गुण देऊन बेरीज केली की काय होतं? मोजा ओढणाऱ्या चित्राला एकजण ९ देईल, बाकीचे दोघे ५-५. एकूण १९. कोणालाच न खटकणाऱ्या एखाद्या चित्राला तिघेही ७ देतील, त्याचे २१. प्रत्येक वेळी तेच जिंकेल. ज्या चित्रावर कोणीतरी जीव टाकतो आणि कोणीतरी वैतागतो, त्याला वर आणायचं असेल तर एका माणसाने आपल्या नावावर जबाबदारी घ्यावी लागते. या चित्रकाराने ती घेतली. सही त्याची, शिव्याही त्यालाच.

पाचवा पॅनेल

२१ आणि १९ मध्ये २१ जिंकले तर त्यात अन्याय कोणता? तीन जाणत्या माणसांना चित्र आवडणं याला तुम्ही कमी का लेखता? आणि तुमचा तो ९ देणारा दुसऱ्या चित्राला ७ देईल ते खिडकी बघूनही देऊ शकतो.

एकट्याची निवड ठेवायचीच असेल तर तिला तसं नाव द्या. 'प्रथम क्रमांक' म्हणू नका, 'परीक्षकाची निवड' म्हणा. शेजारी 'वाचकांची निवड' हे दुसरं बक्षीस ठेवा.

कोरा कागद

याला माझं अनुमोदन. आणि दोन्हींसोबत निदान अर्धं पान लेखी कारण. माझ्या वर्गातल्या मुलीला मी ते वाचून दाखवेन.

रेघारेघी

नावाला माझी हरकत नाही. पण मुख्य रक्कम परीक्षकाच्या निवडीलाच हवी. नाहीतर पुढच्या वर्षी सगळे फक्त लाइक्ससाठीच काढतील.

पाचवा पॅनेल

रक्कम दोन्हींना सारखीच हवी. त्या नायिकेचे अंक विकत घेणारेही तेच वाचक आहेत, आणि रात्ररात्र जागून तिची चित्रं काढणारेही तेच.