मदत हवी आहे: पायथन प्रोग्रॅमने प्रोसेसरचा नक्की किती वेळ खाल्ला हे कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय, पावसाच्या रोजच्या नोंदींच्या भल्यामोठ्या फाइली वाचून तालुकावार सरासऱ्या काढतो. आधी सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालायचं, ९८ सेकंद लागायचे, म्हणून मल्टिप्रोसेसिंगचा पूल लावून चार वर्करमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रोसेसमध्ये) काम वाटलं. सरांनी सांगितलंय की रिपोर्टमध्ये नुसता घड्याळाचा वेळ नको, प्रोसेसरचा पण लिही. तर सुरुवातीला आणि शेवटी पायथनचं प्रोसेस_टाइम फंक्शन घेऊन वजाबाकी केली आणि उत्तर आलं ०.६ सेकंद! इथे मी समोर बसून बघतेय, पंखा घरघरतोय, लॅपटॉपला हात लावला तर चटका बसतोय, आणि हा म्हणतो अर्धा-पाऊण सेकंद. मग उबुंटूच्या टर्मिनलवर कमांडच्या आधी टाइम लावून चालवलं तर रिअल (घड्याळाचा वेळ) ४१.२, यूजर (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडला लागलेला प्रोसेसरचा वेळ) १५४.१, सिस (सिस्टिमने त्याच्यासाठी घालवलेला) ३.०. आता ४१ सेकंदांत १५४ सेकंद कसे बसले? यातलं खरं काय धरू? परवा सबमिशन आहे, प्लीज सांगा कोणीतरी.

प्रतिसाद:
दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रोसेस_टाइम फक्त स्वतःच्या प्रोसेसचा यूजर आणि सिस्टिम वेळ देतं, वर्कर वेगळ्या प्रोसेस असतात. तुमची मुख्य प्रोसेस काम वाटून देते आणि झोपून राहते, झोपेचा वेळ त्यात धरतच नाहीत. आणि चार मजूर एक दिवस राबले तर हजेरी चार दिवसांची लागते ना, तसंच यूजरचं, सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांची) बेरीज. यूजर आणि सिस मिळून १५७, भागिले ४१ म्हणजे सरासरी ३.८ कोअर कामाला होते. पूलला क्लोज आणि जॉइन करा, मगच रिसोर्स मॉड्यूलच्या गेटआरयूसेज फंक्शनला आरयूसेज_चिल्ड्रन देऊन विचारा, कारण जॉइन झाल्याशिवाय मुलांचा (वर्करचा) वेळ आईच्या (मुख्य प्रोसेसच्या) खात्यात जमा होत नाही. जुन्या प्रोग्रॅमचा यूजर किती होता पण?

धागाकर्ती:
खूप खूप आभार, जॉइननंतर विचारलं तर १५६.३ आले!! जुन्याचा यूजर ९६ होता. काम तेवढंच, मग ६० सेकंद वाढले कुठून?

प्रतिसाद:
एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवून बघा, खरे कोअर दोनच असणार. हायपरथ्रेडिंगमध्ये एक खरा कोअर सिस्टिमला दोन असल्यासारखा दिसतो, दोन थ्रेड (कामाचे दोन प्रवाह) एकच कोअर वाटून घेतात, दोघंही हळू चालतात पण वेळ दोघांच्याही नावावर पूर्ण लागतो.

धागाकर्ती:
हो, दोनच कोअर आहेत! दोन वर्करवर चालवलं, रिअल ५३, यूजर १०१. तिन्ही रन एकाच तक्त्यात टाकतेय, कोअर किती तेही लिहिते.